रिकामे भांडे परत करू नये

‘देशोदेशीचे सोपे पदार्थ’ या नावाखाली हल्ली जे शिकवले, छापले आणि पडद्यावर दाखवले जाते, त्याविरुद्ध मला तक्रार करायची आहे. पदार्थ परके आहेत, अशी माझी तक्रार नाही. ते पुरेसे परकेही नाहीत आणि पुरेसे सोपेही नाहीत, अशी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या भोपाळात अशा शिबिरांना ऊत येतो. ‘इटालियन’ म्हणून पास्ता, ‘मेक्सिकन’ म्हणून पोळीत गुंडाळलेला राजमा, ‘चायनीज’ म्हणून मंचुरियन. सामानाची यादी घेऊन गृहस्थ वाण्याकडे गेला, तर निम्म्या वस्तू मिळत नाहीत आणि मिळतात त्या परवडत नाहीत. मग घरची बाई दोन तास ओट्यापाशी राबते, मुले चार घास खातात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण-भात. जो पदार्थ वर्षात दुसऱ्यांदा होत नाही त्याला सोपा म्हणायचे तरी कशाच्या आधारावर?

त्यातही मंचुरियनची गंमत सांगण्यासारखी आहे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश. तिथल्या माणसाला हा पदार्थ दाखवला तर तो ओळखणार नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत तो तयार केला, असे मानले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची या आपल्याच मसाल्यात सोया सॉस आणि मक्याचे पीठ मिसळून. म्हणजे पदार्थ मुंबईचा आणि आडनाव परदेशातले. मला तो खायला आवडतो. पण तो खाऊन ‘आमच्या घरी सगळ्या संस्कृतींचे जेवण चालते’ अशी छाती फुगवणारा माणूस भेटला की विचारावेसे वाटते, की महाराज, तुमच्या भिंतीपलीकडे आज काय शिजते आहे ते ठाऊक आहे का?

कारण भिंतीपलीकडे काय शिजते हे विचारायला भोपाळइतके योग्य शहर सापडणार नाही. अठराव्या शतकात अफगाण सरदार दोस्त महंमद खान याने इथे राज्य स्थापले आणि १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी ते चालवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. फायलींबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर संसार आले. नागपूरचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे मराठी लोक टी. टी. नगरच्या, म्हणजे तात्या टोपे नगरच्या, सरकारी क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहू लागले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतींत मल्याळी, बंगाली, तमिळ, पंजाबी कुटुंबे आली. त्याआधीच फाळणीनंतर सिंधी निर्वासित बैरागढला येऊन राहिले होते. त्या वस्तीला आज संत हिरदाराम नगर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या छावणीत इटालियन युद्धकैदी ठेवले होते. तेव्हा शिबिरवाल्यांनी लक्षात ठेवावे, की खरे इटालियन भोपाळात राहून गेले. पण आपण पास्ता शिकलो तो त्यांच्याकडून नाही, पाकिटावरून शिकलो.

आणखी एक शेजारी आहे, त्याची गणना कोणी करीत नाही. १९८२ साली भारत भवन उभे राहिले, त्या सुमारास दिंडोरीकडच्या पाटनगढचा जनगढ सिंह श्याम हा तरुण गोंड चित्रकार भोपाळला आला. त्याच्यामागून त्याच्या गावची, नात्यातली कितीतरी कुटुंबे आली आणि इथलीच झाली. त्यांची चित्रे आमच्या दिवाणखान्यांत लागली, सरकारी इमारतींच्या भिंतींवर चढली. त्यांची पेज मात्र आमच्या स्वयंपाकघरात आली नाही. कोदो म्हणजे आपल्याकडचा कोद्रा, आणि कुटकी ही आपल्या उपवासाच्या भगरीच्या कुळातली. कुटकी तांदळासारखी धुवायची, भरपूर पाण्यात मऊ शिजवायची, मीठ घालायचे, की झाली पेज. यात अवघड काय आहे? २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. दिंडोरी जिल्ह्यातल्या लहरीबाई या बैगा स्त्रीने भरडधान्यांची जुनी बियाणी सांभाळली म्हणून तिचे नाव त्या वर्षी देशभर झाले. तेव्हा हेच कोदो चकचकीत पुड्यांतून आले आणि आम्ही ते ‘हेल्थ फूड’ म्हणून विकत घेतले. शेजारणीकडून फुकट शिकता आले असते, ते दुकानदाराकडून दामदुपटीने शिकलो.

मी एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. मधल्या सुटीत वर्गांवरून चक्कर मारणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे आणि मुलांचे डबे पाहणे हा माझा शौक. पूर्वी डब्यांवरून घर ओळखू येई. सिंधी मुलाच्या डब्यात कांदा-मिरची घालून लाटलेली जाड कोकी, मराठी मुलीच्या डब्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, मल्याळी मुलाकडे इडली, माळव्याकडच्या मुलाकडे मेथीचा पराठा. आज दहातल्या सहा डब्यांत दोन मिनिटांत होणाऱ्या त्याच त्या शेवया असतात. या शेवया भारतात १९८३ साली आल्या, म्हणजे आजच्या मुलांचे आईबापही त्यांच्यावरच वाढले. मी शेवयांवर राग काढीत नाही. थकलेल्या आईला त्या उपयोगी पडतात. माझे म्हणणे एवढेच, की डबे इतके सारखे झाले आणि तरी मुले एकमेकांच्या जवळ आली नाहीत. ज्याच्या डब्यात आपल्यासारखेच आहे त्याच्या डब्यात हात घालायचे कारण काय?

आता सोपेपणाचा मुद्दा. लोक म्हणतात, दुसऱ्यांचे पदार्थ आपल्याला जमत नाहीत. मी म्हणतो, दुसऱ्यांचे सणाचे पदार्थ जमत नाहीत. रोजचे जमलेच पाहिजेत, कारण ते रोजचे आहेत. जगात कोणत्याही जमातीची बाई रोज तीन तास खपून स्वयंपाक करीत नाही. तिला तेवढी सवड नसते. आपण पाहुणे म्हणून गेलो की आपल्यापुढे सणाचे ताट येते. ते पाहून आपण दबतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘बापरे, केवढा खटाटोप!’ पुरणपोळी पाहून कोणी मराठी स्वयंपाकाचा अंदाज बांधला तर तोही असाच पळून जाईल.

सिंध्यांची कढी घ्या. आपल्या मुलांना ती वाढली की पहिला प्रश्न, ‘यात ताक कुठे आहे?’ ताक नसतेच. चार माणसांना अर्धी वाटी बेसन पुरते. पळीभर तेलात मेथीदाणे, जिरे, हिंग, कढीपत्ता टाकावा, त्यावर बेसन घालून मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावे. घाई करू नये, सगळी चव त्या भाजण्यात आहे. मग आले, मिरची, हळद आणि पाच-सहा वाट्या पाणी. गुठळ्या मोडून उकळी आणावी, त्यात बटाटा, गवार, शेवग्याच्या शेंगा सोडाव्यात, भेंडी असली तर आधी परतून घालावी. भाज्या शिजल्या की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि मीठ. वर भात. जिला पिठले येते तिला ही कढी न येण्याचे काही कारण नाही. सिंध्यांची साईभाजी तर आपल्या पातळभाजीची सख्खी बहीण: पालक, शेपू, थोडा आंबट चुका, मूठभर हरभऱ्याची डाळ, घरात असेल ते वांगे, बटाटा, टोमॅटो, सगळे एकत्र कुकरमध्ये. मग रवीने घोटायचे आणि वरून लसणीची फोडणी द्यायची. कुकर एक, भांडे एक, आणि घरात पडून राहिलेली भाजी संपते ती वेगळीच.

माळव्याचा भुट्ट्याचा कीस पाहा. कोवळी कणसे किसून घ्यावीत, मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतावीत, थोडे थोडे दूध घालून शिजवावीत, शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. फोडणी तर आपलीच आहे. बंगाली घरात मुगाची डाळ आधी कोरडी भाजतात आणि मग शिजवतात. एवढ्याने त्या डाळीचा वास इतका बदलतो, की मुले ‘आज वेगळे वरण आहे’ म्हणून दुसऱ्यांदा मागतात. भोपाळच्या जुन्या शहरात रिझाला करतात, त्यात दही, भरपूर कोथिंबीर आणि हिरवी मिरची असते. लाल तिखटाचा रंग त्याला नसतो. ज्यांच्या घरी मांसाहार चालतो त्यांना तो रविवारी करायला हरकत नाही. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी निदान जुन्या शहरातला चिमूटभर मीठ घातलेला सुलेमानी चहा तरी घ्यावा. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्या घोटाला माणूस विचारतो, यात आणखी काय घालतात?

म्हणजे हाताची अडचण नाही. सामान वाण्याकडे मिळते, शिकवणारी शेजारी राहते, फी लागत नाही. मग घोडे अडते कुठे?

ते कुठे अडते हे मला काही वर्षांपूर्वी एका मराठी मंडळाच्या बैठकीत कळले. मंडळाचे नाव सांगत नाही, कारण असे मंडळ प्रत्येक शहरात आहे. वार्षिक खाद्यमहोत्सवाची चर्चा चालली होती. पाणीपुरी, पावभाजी, मंचुरियन, पास्ता अशी गाड्यांची यादी ठरत होती. मी सुचवले, की गाड्या नकोत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या एका अमराठी शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा रोजचा एक पदार्थ शिकून यावा आणि तो इथे करून आणावा. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना पंक्तीला बोलवावे. क्षणभर सगळे गप्प झाले. मग एक ज्येष्ठ सभासद अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘‘सर, पदार्थ सोपे आहेत हो. पण कोण कोणाच्या हातचं खाणार?’’ कोणी त्यांना विरोध केला नाही. यादीत पास्ता कायम झाला.

मला त्या गृहस्थांचे आभार मानायचे आहेत. बाकीचे सगळे वेळेची, सामानाची, मुलांच्या आवडीनिवडीची सबब सांगत होते. त्यांनी एकट्याने खरे कारण सांगितले. पास्ता निर्धोक असतो, कारण त्याच्यामागे माणूस नसतो. पाकीट उघडताना ते कोणाच्या हातचे आहे हे विचारावे लागत नाही. दहा हजार कोसांवरच्या इटलीला जात नाही, धर्म नाही, सोयर नाही, सुतक नाही. शेजारच्या घराला ते सगळे आहे. म्हणून दूरची संस्कृती आपल्याला सोपी वाटते आणि जवळची अवघड.

हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. तिच्या सभासदांना दुसऱ्यांच्या हातचे खावे लागे, आणि ते बाहेर कळू नये म्हणून सभा गुप्त ठेवावी लागे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान ऐकायला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या एका चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तावर मिटले. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घ्यायला थांबू लागले. छत्रपतीच प्यायल्यावर बाकीच्यांना कपाकडे पाहून नाक मुरडणे कठीण झाले. दलितांना समान हक्क द्या असे सांगणारी व्याख्याने त्या काळात पुष्कळ झाली असतील. पण महाराजांना ठाऊक होते, की समतेची परीक्षा हातातल्या कपावर होते. आपण शतकभरानंतर त्यांच्या जयंतीला भाषणे करतो आणि खाद्यमहोत्सवात मंचुरियनची गाडी लावतो.

कोणी म्हणेल, एका वाटीभर कढीवर सर एवढे रामायण का लावतात? लावतो, कारण वाटी फिरणे बंद झाले की पुढे काय होते ते या शहराने पाहिले आहे. १९९२ च्या डिसेंबरात भोपाळात दंगल झाली. त्यानंतर अनेक कुटुंबांनी घरे बदलली. हिंदू हिंदूंकडे सरकले, मुसलमान मुसलमानांकडे. दंगलीने माणसे मारली हे सर्वांना आठवते. तिने ईदच्या शेवयांची आणि दिवाळीच्या करंज्यांची ये-जा किती गल्ल्यांतून बंद केली हे मात्र कोणी मोजले नाही. आज माझ्या शाळेत अशी मुले आहेत, की ज्यांनी पंधरा वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या घरी बसून एक घास खाल्लेला नाही. ती मुले वाईट नाहीत. त्यांना कोणी बोलावले नाही आणि त्यांनी कोणाला बोलावले नाही, इतकेच. अशा मुलाला दुसऱ्या वस्तीविषयी कोणी काहीही सांगितले तर त्याने ते कशाच्या जोरावर नाकारायचे?

घरातले हे अज्ञान पुढे सरकारात जाऊन बसते. मध्य प्रदेशात अंगणवाडीच्या मुलांना अंडी द्यायचा प्रस्ताव २०१५ साली नाकारला गेला, २०१९ साली नव्या सरकारने अंडी देण्याचे जाहीर केले, २०२० साली सरकार बदलले आणि अंडे पुन्हा मागे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात शंभरातले एकवीस लोक आदिवासी आहेत. त्यांच्या घरी अंडे निषिद्ध आहे की काय, हे त्यांना विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही. याच राज्यातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मात्र अभिनंदनाचे वर्षाव झाले. कोंबडीचा गौरव आणि अंड्याला बंदी, अशी ही तऱ्हा. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये बीदरसह काही जिल्ह्यांतल्या शाळांत अंडी द्यायला सुरुवात झाली. तिथेही विरोध झाला, पण तोड साधी निघाली: जो मुलगा अंडे खात नाही त्याला केळे. ज्याने दोन्ही प्रकारची ताटे पाहिली आहेत त्यालाच अशी साधी तोड सुचते. मी कोणाच्या ताटात काही लादा म्हणत नाही. दुसऱ्याच्या ताटात काय असते ते न पाहता त्याच्यासाठी निर्णय घेऊ नका, एवढेच म्हणतो.

आता संस्कृतिरक्षकांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे, की घरात रोज दुसऱ्यांचे शिजू लागले तर आपले काय राहील? या मंडळींना मी साबुदाण्याच्या खिचडीचे ताट वाढू इच्छितो. एकादशीचे, सोवळ्यातले. साबुदाणा होतो तो कंद, त्यातले शेंगदाणे, बटाटा, मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज गलबतांबरोबर सोळाव्या शतकापासून ते इकडे आले. बटाटा हा शब्दही त्यांचाच. मल्याळी माणूस ज्याला कप्पा म्हणतो आणि उकडून जेवणात खातो, त्याच कंदाचे दाणे तमिळनाडूत सेलमच्या आसपास तयार होतात आणि आपण ते पांडुरंगाच्या नावाने खातो. पांडुरंगाने आजवर तक्रार केलेली नाही. त्याउलट आपले पोहे पाहा. मराठ्यांबरोबर ते माळव्यात गेले असे तिकडे सांगतात. तिथे त्यांना वाफेवर ठेवले, वर शेव, बडीशेप आणि जिरावन पडले आणि शेजारी जिलबी आली, जिचे कूळ अरबी-फारसी झुलाबियापर्यंत पोचते. आज भोपाळात पोहे-जिलबीशिवाय सकाळ उजाडत नाही. यात पोह्यांचे काय गेले? आपल्या घरच्या कांदेपोह्यांचे काय गेले?

खरे तर शेजाऱ्याच्या घरी गेल्यावर पुष्कळदा आपलेच हरवलेले सापडते. माळव्याचा बाफला पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. खानदेशची बट्टी, वऱ्हाडातला गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा, ही त्याचीच भावंडे. नागपूरहून आलेल्या कुटुंबांतल्या नव्या पिढीला रोडगा हा शब्दही माहीत नाही; दाल-बाफला मात्र हॉटेलात जाऊन पैसे मोजून खातात. बाफल्याशी नाते जोडले असते तर रोडगाही घरात राहिला असता. आपले टिकवायचे तर दुसऱ्याचे ओळखावे लागते, नाहीतर आपले कोणते तेही कळत नाही. इतिहासाचीही साक्ष काढतो. १७३७ साली बाजीरावाने याच भोपाळापाशी निजामाला कोंडले. १८१२-१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला आणि शहराने तो झुंजून परतवला. ज्या शहराला आपण वेढा घातला, त्याच शहरात आपण दीडशे वर्षांच्या आत बदलीवर आलो आणि तिथल्या नळाचे पाणी प्यालो. आता तिथल्या चुलीशी भांडण ठेवण्यात काय अर्थ आहे?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. तो स्त्रियांचा आहे. ‘‘तुमचे समाजप्रबोधन होते आणि घाम आमचा निघतो,’’ असे त्या म्हणतील, आणि त्यांचे बरोबर आहे. पुरुषाने टेबलावर बसून विविधतेची मागणी करायची आणि बाईने ती पुरवायची, हा धंदा बंद झाला पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी: आठवड्यातून एक दिवस, एक पदार्थ, आणि तो घरातल्या पुरुषाने किंवा मुलाने शेजारी जाऊन शिकून यायचा आणि स्वतः करायचा. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे दिली आणि आईपासून दूर गेलेल्या कितीतरी मुली त्या मापांवर संसाराला लागल्या. जे माप मुलींना समजते ते मुलग्यांना समजत नाही, असे गणिताचा कोणताही शिक्षक म्हणणार नाही. दहावीचा मुलगा प्रमेय सिद्ध करू शकतो, तो अर्धी वाटी बेसन भाजू शकतो. करपले तर करपले. पिठले बिघडल्याने कोणाचे कूळ बुडाल्याचे ऐकिवात नाही.

हे सगळे मी सीमाभागातल्या अंकात लिहितो आहे याचे मला बरे वाटते. भोपाळात जे पटवून द्यावे लागते ते तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. तुमच्याकडे ज्वारीची भाकरी आहे आणि कानडी घरात जोळद रोट्टी आहे. पीठ तेच, थापणारा हात तसाच, तवाही तोच. तुमचे भरले वांगे त्यांच्याकडे एण्णेगाई म्हणून वाढले जाते. गावे कोणाची यावर महाजन आयोग बसला, त्याचा अहवाल १९६७ साली आला आणि वाद आजही न्यायालयात आहे. भाकरी कोणाची यावर आयोग नेमावा असे दोन्ही बाजूंच्या कोणाला वाटले नाही, कारण ती दोन्ही घरांत रोज होत होती आणि दोन्ही घरांना ते ठाऊक होते. आपल्या भाषेसाठी तुम्ही लढता आहात, जरूर लढा; माझी मुळे मराठीतच आहेत आणि त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण शेजारणीकडून एण्णेगाईचे वाटण शिकल्याने मराठीची बाजू लंगडी पडते असे कोणी सांगू लागला, तर त्याला पोह्यांची आणि साबुदाण्याची गोष्ट सांगा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे घरोघर निघाली असतील. आपल्याकडे चकल्या, करंज्या, अनारसे झाकून शेजारी पाठवायची रीत आहे आणि आलेले भांडे रिकामे परत करू नये अशीही रीत आहे. काही नसले तर चिमूटभर साखर घालावी. या दोन रीतींपैकी पहिली आपण दणक्यात पाळतो. आपला फराळ सिंध्याला, मुसलमानाला, मल्याळ्याला, कानडी माणसाला मोठ्या अभिमानाने देतो, त्याने वाहवा केली की खूष होतो, आणि ताट परत घेऊन घरी येतो. त्या ताटातून काय आणायचे हे आपण कधी मागत नाही. यंदा मागा. मिठाई मागू नका, ती बाजारातही मिळते. ‘‘काल रात्री तुमच्याकडे भाताबरोबर काय केले होते?’’ एवढेच विचारा. बाई आधी संकोचेल, ‘‘अहो, काही विशेष नाही, रोजचंच,’’ म्हणेल. तेच हवे आहे म्हणून सांगा. कागद-पेन्सिल बरोबर न्या, आणि मुलाला न्या. माप त्यालाच लिहू द्या, कारण पुढल्या रविवारी ते त्यालाच करायचे आहे.